दंतोपचारांची गरज आणि दंतोपचारांची मागणी

पुण्यातल्या एखाद्या डेंटल कॉलेजच्या ओपीडीत सकाळी केसपेपरसाठी रांग लागते. त्या रांगेवरून शहराच्या दातांबद्दल काय कळतं? फार थोडं. किती लोक कुठली तक्रार घेऊन आले, ही झाली मागणी. कुणाच्या तोंडात काय बिघडलंय आणि कशावर इलाज व्हायला हवा, ती गरज. दंतसेवांवरच्या अभ्यासांत या दोन्हींची गल्लत होते, बातम्यांत तर हमखास. ‘अमुक टक्के पुणेकरांचे दात किडके’ असं छापून येतं आणि आकडा निघतो ओपीडीच्या रजिस्टरातला. दात ठणकतोय म्हणून आलेल्यांमध्ये किडके दात जास्त सापडले, यात नवल ते काय!

मागणी मोजणं सोपं, रजिस्टर आणि पावत्या पुरतात. गरज मोजायची तर न आलेल्यांपर्यंत जावं लागतं. वस्त्या निवडायच्या, घरं निवडायची, आरसा आणि प्रोब (दात चाचपायची बारीक सळई) घेऊन एकेक तोंड तपासायचं.

किडीसाठी क्लाइन, पामर आणि नटसन यांनी १९३८ साली वापरात आणलेला डीएमएफटी निर्देशांक आजही चालतो. किडलेले, किडीपायी काढलेले आणि भरलेले दात यांची ती बेरीज. खरी मेख या बेरजेतच आहे. समजा, कोथरूडच्या एका गृहस्थांचे ४ दात सिमेंट भरून नीट झालेले आहेत आणि वेल्ह्याकडच्या वाडीतल्या एका बाईंचे ४ दात किडलेले आहेत. दोघांचाही अंक ४. गृहस्थांची गरज मागणी होऊन दवाखान्यात पोचली आणि भागली, बाईंची तोंडातच राहिली. नुसती बेरीज देणारा अहवाल मी तरी बाजूला ठेवतो. किडलेले किती आणि भरलेले किती, हे वेगवेगळं दिसलं तरच सेवा कुणापर्यंत पोचली ते कळतं.

गरजेची मागणी का होत नाही? पैसा आहेच, बुडणारी मजुरी आहे, आणि समजुती आहेत. ‘वरचा दात काढला की नजर जाते’ हे अजून ऐकू येतं, त्याला काही आधार नाही. ‘मशीनने साफ केले की दात हलतात’ यामागे मात्र एक खरा अनुभव आहे. साचलेलं कीटण निघतं, हिरडीची सूज उतरते आणि झाकलेल्या फटी उघड्या पडतात. हाड आधीच झिजलेलं असतं, पण दोष येतो साफसफाईवर. शिवाय हिरड्यांचा आजार बहुतेक वेळा दुखत नाही. वर्षानुवर्षं मिश्री लावणाऱ्या बाईला हिरडी मागे सरकल्याचं जाणवतच नाही, मग ती तक्रार काय करणार? ब्रिटिश समाजधोरण-अभ्यासक जोनाथन ब्रॅडशॉ यांनी १९७२ मध्ये गरजेचे प्रकार पाडले, त्यात तज्ज्ञाने ठरवलेली, माणसाला स्वतःला वाटलेली आणि त्याने सेवा मागून व्यक्त केलेली गरज वेगवेगळी धरली, ती याचसाठी.

उलटही घडतं. लग्नसराईत दात पांढरे करून घेणाऱ्यांना आजार नसतो, मागणी मात्र जोरात असते. त्यात वाईट काही नाही, फक्त ती ‘दंतआरोग्याची निकड’ म्हणून मोजू नये.

गरजही काही दगडावरची रेघ नाही. खड्डा पडण्याआधी दातावर खडूसारखा पांढरा डाग येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वेक्षण-पद्धतीत तो कीड धरत नाहीत, किडीच्या पायऱ्या सुरुवातीपासून मोजणाऱ्या आयसीडीएएस पद्धतीत त्याचीही नोंद होते. म्हणजे एकाच तोंडाचे दोन आकडे.

सगळ्यात फसवं प्रकरण मोफत शिबिराचं. फी नसल्याने गर्दी होते आणि तीच गरज वाटते. पण ती फुकट झालेली मागणीच. त्या दिवशी कामावर गेलेले, घरात अंथरुणाला खिळलेले तिथेही नसतात. म्हणून शिबिराच्या अहवालात तपासलेल्यांच्या संख्येखाली आणखी दोन आकडे शोधावेत: वस्तीतल्या किती जणांपैकी हे आले, आणि पुढे पाठवलेल्यांपैकी कितींचे उपचार पुरे झाले.