अभ्यासासाठी वाद्यसंगीत

अभ्यास करताना मन एका जागी राहावे म्हणून मागे मंद आवाजात लावलेले, गायन नसलेले संगीत आणि ते निवडण्याची रीत. हा पार्श्वसंगीताचाच एक प्रकार. मैफलीत श्रोत्याचे सगळे लक्ष संगीताकडे असते. येथे ते पुस्तकावर राहायला हवे आणि सुरांनी नुसते आजूबाजूला असायला हवे. म्हणून जे संगीत ऐकायला उत्तम ते अभ्यासालाही उत्तम, असे धरून चालत नाही. पुष्कळदा उलटेच घडते : ज्या वादनाने अंगावर शहारा येतो, तेच वादन हातातले पान विसरायला लावते.

शब्द का नकोत. वाचताना आपण शब्द मनातल्या मनात उच्चारत असतो. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये कार्यस्मृतीची, म्हणजे काम करताना माहिती थोडा वेळ धरून ठेवणाऱ्या स्मृतीची, जी कल्पना मांडली, तिच्यात या मूक उच्चारासाठी एक वेगळी, अगदी लहान जागा मानली आहे. ऐकलेले किंवा वाचलेले शब्द तेथे काही क्षणच टिकतात आणि पुन्हापुन्हा मनात घोळवले तरच राहतात. कानावर पडणारे बोलणे, ते ऐकायचे नाही असे ठरवले तरी, याच जागेत शिरते. पिएर सलामे आणि बॅडली यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले, की पडद्यावर दिसणारे अंक क्रमाने लक्षात ठेवताना मागे असंबद्ध बोलणे चालू असले तर चुका वाढतात. १९८९ मध्ये त्यांनीच संगीतावर प्रयोग केले, तेव्हा गायन असलेल्या संगीताचा उपद्रव वाद्यसंगीतापेक्षा जास्त आढळला. ‘गाणे आपल्याला न समजणाऱ्या भाषेत असेल तर चालेल’ अशी पळवाट अनेकजण काढतात. तीही पक्की नाही, कारण परक्या भाषेतल्या बोलण्यानेसुद्धा असाच अडथळा होतो.

गायन वगळले म्हणजे काम झाले असे मात्र नाही. ओळखीच्या गाण्याची धून बासरीवर किंवा पियानोवर वाजू लागली की तिचे शब्द आपोआप ओठांवर येतात. गायक नसतो, पण गाणे असतेच. अभ्यासासाठी निवड करताना ही चूक सर्वांत जास्त होते असे म्हणायला हरकत नाही, कारण यादीवर ‘वाद्यसंगीत’ असेच लिहिलेले असते.

सुरांची चाल. मानसशास्त्रज्ञ डिलन जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. त्यांच्या मते आवाजात शब्द आहेत की नाहीत यापेक्षा तो क्षणोक्षणी किती बदलतो हे महत्त्वाचे असते. एकच स्वर पुन्हापुन्हा येत राहिला तर मन त्याची दखल घेणे सोडते; स्वर सतत बदलत राहिले तर त्यांचा क्रम आपोआप टिपला जातो आणि आपण लक्षात ठेवत असलेल्या क्रमाशी तो भिडतो. निवडीसाठी हा विचार फार उपयोगी आहे. सलग, एकात एक मिसळणारे सूर, बेताची लय, आवाजात मोठे चढउतार नाहीत, वाद्ये थोडी, अशा रचना मागे राहतात. तुटक, टोकदार, अचानक उसळणाऱ्या रचना पुढे येतात.

हिंदुस्थानी वाद्यसंगीतात हा फरक एकाच रागाच्या मांडणीत दिसतो. सुरुवातीच्या आलापात ठेका नसतो, सूर रेंगाळतात. तो भाग वाचनाबरोबर निभावतो. तबला सुरू झाला की कान समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहू लागतो. तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणे) आली की ती समेवर पोहोचेपर्यंत डोळे एकाच ओळीवर थांबतात. ‘झाला’ या शेवटच्या वेगवान भागाची द्रुत लय किंवा दोन वादकांचे सवाल-जवाब यांच्याबरोबर वाचणे जवळजवळ अशक्यच, कारण ते रचलेलेच असतात लक्ष खेचण्यासाठी. चित्रपटांचे पार्श्वसंगीतही याच कारणाने जपून निवडावे : प्रसंग पाहून भावना उचंबळाव्यात हे त्याचे काम असते आणि ते काम ते चोख करते. ज्याला एखादे वाद्य वाजवता येते, त्याने त्या वाद्याचे संगीत अभ्यासाला न घेतलेलेच बरे. त्याचे मन आपसूक वादकाच्या बोटांमागे जाते.

मोट्सार्टविषयीचा गैरसमज. १९९३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात फ्रान्सेस राउशर, गॉर्डन शॉ आणि कॅथरिन की यांचा एक छोटा लेख आला. ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी मोट्सार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराची दोन पियानोंसाठीची एक सोनाटा १० मिनिटे ऐकली आणि त्यानंतर आकृत्यांच्या कोड्यांत त्यांना अधिक गुण मिळाले. हा परिणाम १० ते १५ मिनिटेच टिकला. यावरून ‘मोट्सार्ट ऐकल्याने बुद्धी वाढते’ असा बोलबाला झाला आणि १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना अभिजात संगीत देण्यासाठी सरकारी पैसा मागितला. मूळ प्रयोगात संगीत चाचणीच्या आधी ऐकवले होते, चाचणी चालू असताना नाही, हे या गडबडीत विसरले गेले. विल्यम थॉम्पसन, ग्लेन शेलेनबर्ग आणि गॅब्रिएला हुसेन यांनी २००१ मध्ये मोट्सार्टची तुलना एका उदास, संथ रचनेशी केली. ऐकणाऱ्याची मनःस्थिती आणि तरतरी हिशेबात घेतल्यावर मोट्सार्टचा लाभ उरला नाही. म्हणजे लाभ होता तो मन प्रसन्न आणि जागे झाल्याचा.

अभ्याससंगीताचा खरा उपयोग या निष्कर्षात दडलेला आहे. पुस्तक उघडण्यापूर्वीची पाच-दहा मिनिटे, दोन प्रकरणांमधली विश्रांती, कंटाळा दूर करून पुन्हा बसण्याची वेळ या जागी संगीत खरोखर मदत करते. तेथे आवडीचे, उसळते, शब्द असलेले गाणेही चालेल. वाचन सुरू असताना त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. पार्श्वसंगीतावरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये घेतला गेला, त्यात सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला; मात्र वाचनात अडथळा आणि स्मरणात किंचित तोटा दिसला.

कामाप्रमाणे निवड. सनावळ्या, सूत्रे, परकी शब्दसंपत्ती यांचे पाठांतर शांततेतच करावे. आवडते संगीत असल्यास चालते, हा समजही खरा नाही. क्रमाने आठवण्याच्या चाचणीत आवडते आणि नावडते दोन्ही प्रकारचे संगीत सारखेच आड येते असे आढळले आहे. नवीन, अवघड मजकूर प्रथमच वाचताना शांतता किंवा अगदी मंद, ठेका नसलेले सूर. सरावाची गणिते, आकृत्या, नोंदी स्वच्छ करून लिहिणे अशा हाताला सवयीच्या कामांत संगीताला भरपूर जागा असते, आणि ठेकाही चालतो. स्वभावाचाही वाटा आहे : १९९७ च्या एका प्रयोगात मागे पॉप संगीत असताना अंतर्मुख व्यक्तींची स्मरणातली कामगिरी बहिर्मुखांपेक्षा कमी पडली. मित्राची यादी जशीच्या तशी उचलली तर ती लागू पडेलच असे नाही.

शेजारी गप्पा चालू असतील तर हिशेब बदलतो. बोलण्यापेक्षा वाद्यसंगीताचा उपद्रव कमी, त्यामुळे बोलणे झाकायला ते योग्यच. पावसाचा किंवा धबधब्याचा सलग आवाज हे काम बहुधा आणखी चांगले करतो.

इतिहास. न ऐकण्यासाठीचे संगीत ही कल्पना फ्रेंच संगीतकार एरिक साती यांनी १९१७ च्या सुमारास ‘फर्निचर-संगीत’ या नावाने मांडली. १९२० मध्ये पॅरिसच्या एका कलादालनात, नाटकाच्या मध्यंतरात ते वाजवले गेले. लोकांनी लक्ष देऊ नये असे आधीच सांगितले होते, तरी सूर सुरू होताच लोक गप्प होऊन ऐकू लागले आणि साती त्यांना बोला, फिरा म्हणून विनवत राहिले. संगीत वाजू लागले की कान तिकडे जाणारच, हे यापेक्षा बोलक्या रीतीने सांगता येणार नाही. बीबीसीने १९४० मध्ये कारखान्यांतील कामगारांसाठी ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात ओळखीच्या चाली मुद्दाम असत, कारण हातांच्या एकसुरी कामाला त्याने हुरूप येतो. वाचणाऱ्याला नेमके तेच नको असते. १९७८ मध्ये ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी विमानतळासाठी कल्पिलेल्या संगीताच्या तबकडीने अशा वातावरणात विरून जाणाऱ्या संगीताला ‘अँबियंट’ हे नाव रूढ केले. २०१० च्या दशकात मंद ठेक्याचे, थोडे खरखरते ‘लो-फाय’ संगीत अखंड ऐकवणाऱ्या यूट्यूब वाहिन्या निघाल्या आणि जगभरचे विद्यार्थी तिकडे वळले.

वापर. यादी आदल्या दिवशी करून ठेवावी. अभ्यासाच्या मध्ये पुढची रचना शोधण्यात जेवढा वेळ जातो, तेवढा कोणत्याही तबल्याने जात नाही. एकच यादी रोज लावली तर नावीन्य संपते, सूर मागे सरतात आणि ते सुरू होणे हीच बसण्याची खूण ठरते. मध्येच जाहिराती येणारी सेवा टाळावी, कारण जाहिरात म्हणजे बोलणे. आवाज इतका ठेवावा, की पान उलटल्याचे ऐकू येईल. कानांच्या दृष्टीनेही जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांची मर्यादा सांगते. परीक्षेच्या खोलीत संगीत नसते, म्हणून शेवटची उजळणी त्याच्याशिवाय करावी. आणि परिच्छेदाच्या शेवटी येऊनही त्यात काय होते हे सांगता येत नसेल, तर नुसता आवाज कमी करून भागत नाही; तेवढा परिच्छेद संगीत थांबवून पुन्हा वाचावा लागतो.