एलईडी वाहतूक सिग्नल (बेळगाव सीमाभाग)

चौकातल्या सिग्नलमधील तारेचे बल्ब काढून त्या जागी एलईडी दिवे बसवण्याची पद्धत. एका सिग्नलपुरती वाचणारी वीज किरकोळ वाटते. पण सिग्नल दिवसभर जळतो आणि त्याच्या तीन दिव्यांपैकी एक कायम चालू असतो, म्हणून शहराच्या वीजबिलात हा बदल दिसून येतो.

तारेचा बल्ब पांढरट-पिवळा उजेड देतो. तो लाल किंवा हिरवा दिसावा म्हणून पुढे रंगीत काच लावत. बल्बला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेत जाई आणि उरलेल्या उजेडातलाही बराचसा ही काच अडवून ठेवी. एलईडीमधून मुळातच एका रंगाचा उजेड बाहेर पडतो, त्यामुळे गाळून टाकायला काही उरत नाही. खरी बचत इथे आहे, आणि म्हणूनच घरातल्या बल्बपेक्षा सिग्नलमध्ये एलईडीचा फायदा जास्त.

हिशेब सोपा आहे. एखाद्या चौकात ८ सिग्नल-पेट्या आहेत, प्रत्येकीत एका वेळी १०० वॅटचा एक बल्ब जळतो आणि सकाळी ६ ते रात्री १० सिग्नल चालतो असे धरले, तर दिवसाला १२.८ युनिट वीज लागते. तेच दिवे १२ वॅटचे एलईडी असतील तर दीड युनिटात भागते.

दिसणारा लाल एलईडी १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी तयार केला. प्रखर निळा आणि त्यापाठोपाठ प्रखर हिरवा मिळायला मात्र १९९० चे दशक उजाडले. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रखर हिरवा उशिरा आल्यामुळे परदेशातल्या अनेक शहरांनी आधी फक्त लाल दिवे बदलले. कर्नाटकात घरगुती एलईडी बल्ब ‘होस बेळकू’, म्हणजे नवा उजेड, या नावाच्या सरकारी योजनेतून स्वस्तात मिळाले.

बिलापेक्षाही वाहनचालकाला जाणवतो तो उन्हातला फरक. जुन्या पेटीत बल्बमागे चकचकीत वाटी असे. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड असलेल्या सिग्नलवर कलते ऊन पडले की वाटीवरून ते उलट फिरे आणि विझलेला दिवाही पेटल्यासारखा भासे. लाल पडलाय की हिरवा, हे पुढची गाडी हलेपर्यंत कळत नसे. एलईडीच्या पेटीत ती वाटी लागत नाही, त्यामुळे हा भास बराच कमी होतो. जून ते सप्टेंबरच्या झोडपणाऱ्या पावसातही हेल्मेटच्या ओल्या काचेतून तो ठिपक्या-ठिपक्यांचा गोल लांबून ओळखू येतो. गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर जागच्या जागी थांबत नाही. त्याच्या चालकाला सिग्नल शंभर पावले आधी दिसणे फार मोलाचे आहे.

सीमाभागात रस्त्यावरची पाटी कोणत्या लिपीत असावी यावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले आहेत. सिग्नलला लिपीच नाही. मराठी आणि कानडी बोलणारे एकाच रेषेमागे थांबतात, म्हणून तो नीट दिसणे सगळ्यांच्याच हक्काचे आहे.

करंट गेला की चौकाचा बोजवारा उडतो. इथेही कमी वॅटचा उपयोग होतो. घरच्या इन्व्हर्टरला लावतात तशा १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या भरलेल्या बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिट वीज असते. वरच्या हिशेबातला एलईडी चौक तिच्यावर काही तास सहज चालतो. जुन्या बल्बांना ती कागदोपत्रीही जेमतेम सव्वादोन तास पुरली असती.

तारेचा बल्ब उडाला की तो दिवा पुरता काळोखा होई. मग भर चौकात शिडी लावायची आणि तोवर पोलिसाने हातवारे करत वाहतूक सांभाळायची. एलईडीच्या गोलातले चार ठिपके गेले तरी बाकीचे जळत राहतात. त्याचे आयुष्य बहुधा ५०,००० तासांच्या पुढे मोजतात, पण ते उष्णतेवर अवलंबून असते. बंद पेटी एप्रिलच्या उन्हात तापली की लाल एलईडी इतर रंगांपेक्षा जास्त फिका पडतो. दुसरे दुखणे वळवाच्या पावसाचे. विजांच्या कडकडाटात तारांमधून दाबाचा झटका आला तर ठिपके शाबूत राहूनही आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला बेताची वीज पुरवणारा भाग, जळतो आणि सगळा गोल विझतो. म्हणून दिवे बदलताना झटका अडवणारे यंत्र आणि खांबाचे चांगले अर्थिंग यांचा खर्च त्याच कामात धरावा लागतो.