जीवनसत्त्वे व नैसर्गिक पूरके : सुरक्षित वापर

रोजच्या आहाराला जोड म्हणून गोळी, कॅप्सूल, चूर्ण किंवा थेंब या रूपांत घेतली जाणारी जीवनसत्त्वे, खनिजे, वनस्पतींचे अर्क, माशांची तेले व उपयुक्त सूक्ष्मजीव यांना एकत्रितपणे पूरके म्हणतात. संत्र्यातले ॲस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) आणि कारखान्यात ग्लुकोजपासून बनवलेले ॲस्कॉर्बिक आम्ल यांच्या रेणूत काहीही फरक नसतो. त्यामुळे वेष्टनावरच्या ‘नैसर्गिक’ या शब्दावरून पदार्थाच्या सुरक्षिततेबद्दल काहीच कळत नाही. पूरक कितपत सुरक्षित आहे हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : मात्रा, पदार्थाचे रासायनिक रूप आणि सोबत चालू असलेली औषधे. प्रस्तुत नोंदीत या तिन्हींचाच विचार केला आहे. जीवनसत्त्वांचे प्रकार, त्यांचे अन्नातील स्रोत व अभावाचे रोग यांची माहिती स्वतंत्र नोंदीत आहे [⟶ जीवनसत्त्वे].

अभाव आणि अतिरेक : अन्नातील एखादा घटक अत्यल्प प्रमाणात कमी पडला तरी माणूस आजारी पडतो, ही कल्पना हळूहळू रुजली. जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील शल्यचिकित्सकाने १७४७ मध्ये स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग) झालेल्या १२ खलाशांवर केलेला प्रयोग, क्रिस्तियान आइकमान यांची सडून कोंडा काढलेल्या (पॉलिश केलेल्या) तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांवरील निरीक्षणे आणि त्यांचा खेरिट ग्रेइन्स यांनी १९०१ मध्ये लावलेला योग्य अर्थ हे त्यातले ठळक टप्पे होत. कासिमिर फुंक यांनी १९१२ मध्ये या अज्ञात घटकांना नाव दिले. टाडेउश राइखश्टाइन यांनी १९३३ मध्ये क जीवनसत्त्वाचे संश्लेषण केले आणि पुढच्याच वर्षी त्याच्या गोळ्या विक्रीस आल्या. आजार टाळण्यापुरती लागणारी मात्रा आणि बाजारात मिळू शकणारी मात्रा यांची फारकत तेव्हापासून सुरू झाली.

अतिरेकाचा इतिहास त्याहून जुना असला, तरी त्याचा उलगडा फार उशिरा झाला. विलेम बारेंट्स यांच्या मोहिमेतील डच खलाशी १५९६-९७ च्या हिवाळ्यात नोव्हाया झेम्ल्या बेटावर अडकून पडले होते. त्यांनी ध्रुवीय अस्वलाचे यकृत खाल्ले; त्यानंतर तिघे जण गंभीर आजारी पडले व त्यांच्या अंगाची कातडी सोलून निघाली, अशी नोंद खेरिट द वेर याने केली आहे. आर्क्टिक प्रदेशातले इन्युइट लोक हे यकृत वर्ज्यच मानीत. कोरे रोडाल व टॉमस मूर यांनी १९४३ मध्ये अशा यकृतांचे विश्लेषण केले, तेव्हा दर ग्रॅममागे १०,००० आंतरराष्ट्रीय एककांहून (जीवनसत्त्वे मोजण्याचे माप) अधिक अ जीवनसत्त्व आढळले. आज प्रौढांसाठी मानली जाणारी दिवसाची वरची मर्यादा साधारण तेवढीच आहे. म्हणजे ती या यकृताच्या एका ग्रॅममध्येच ओलांडली जाते.

अंटार्क्टिकावरील एका मृत्यूशी याचा संबंध जोडला जातो, पण त्यावर एकमत नाही. ऑस्ट्रेलियन समन्वेषक डग्लस मॉसन यांच्या तुकडीतील बेलग्रेव्ह निनिस हे १४ डिसेंबर १९१२ रोजी हिमभेगेत पडून मरण पावले. बहुतेक अन्न लादलेली घसरगाडीही त्यांच्यासोबत गेली. उरलेले दोघे, मॉसन व झाव्हिएर मेर्त्स, गाडीचे कुत्रे मारून खात परतीची वाट चालू लागले. मेर्त्स यांची त्वचा सुटू लागली, पोटदुखी व भ्रम जडला आणि जानेवारी १९१३ च्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास त्यांचा मृत्यू झाला. मॉसन वाचले, मात्र त्यांच्या तळपायांची कातडी निघून आली होती. जॉन क्लेलंड व रॉनल्ड साउथकॉट यांनी १९६९ मध्ये ही लक्षणे अ जीवनसत्त्वाच्या विषबाधेशी जुळवून दाखवली. कुत्र्यांच्या यकृतातही हे जीवनसत्त्व भरपूर साठते, हा त्यांचा आधार होता. पुढे काहींनी आक्षेप घेतला : उपासमार, थंडी, शाकाहाराकडे कल असलेल्या माणसावर लादला गेलेला मांसाहार आणि मानसिक खचणे यांनीही हेच चित्र उभे राहू शकते. मेर्त्स यांच्या शरीराची तपासणी झालेली नसल्याने निर्णय परिस्थितिजन्य पुराव्यावरच राहतो. उपासमार हे मूळ कारण व यकृतातील जीवनसत्त्वाने त्यात भर घातली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. विषबाधेच्या बाजूचा पुरावा लोकप्रिय लेखनात सहसा आहे त्याहून पक्का करून मांडला जातो.

अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वे मेदात विरघळतात. त्यांपैकी अ जीवनसत्त्वाचा साठा यकृतात, तर ड व ई यांचा मुख्यतः मेदऊतीत होतो. अ जीवनसत्त्व रक्तातून एका विशिष्ट प्रथिनाला बांधून वाहून नेले जाते. साठा भरून वाहू लागला, की ते या प्रथिनावाचून मेदकणांसोबत फिरू लागते व पेशींच्या पटलांना इजा करते. डोकेदुखी, केस गळणे, त्वचा सुटणे, यकृताचा विकार ही त्याची फळे होत. गर्भावस्थेच्या सुरुवातीला रेटिनॉलची (अ जीवनसत्त्वाचे तयार रूप) मोठी मात्रा घेतल्यास गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो. म्हणून गर्भवतींनी रेटिनॉल असलेली पूरके व कॉडलिव्हर तेल स्वतःच्या मनाने घेऊ नये. गाजरातल्या बीटा-कॅरोटिनापासून मात्र शरीर गरजेपुरतेच अ जीवनसत्त्व बनवते. त्याच्या अतिसेवनाने कातडी पिवळसर होते, विषबाधा होत नाही.

बीटा-कॅरोटीन यावरून निरुपद्रवी ठरते असे वाटेल, पण मोठ्या चाचण्यांनी वेगळेच दाखवले. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत रोज २० मिग्रॅ. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले (१९९४). अमेरिकेतील दुसऱ्या चाचणीत बीटा-कॅरोटीन व रेटिनॉल एकत्र दिले होते. तीतही धोका वाढल्याचे दिसल्याने ती १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. भाज्या-फळे खाणाऱ्यांमध्ये हा कर्करोग कमी दिसतो, हे निरीक्षण खरे होते. त्याचे श्रेय एकट्या रेणूला देणे चुकीचे होते. ई जीवनसत्त्वाबाबतही तसेच घडले. पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीचा कर्करोग टळावा म्हणून रोज ४०० एकके दिलेल्या पुरुषांत तो १७ टक्क्यांनी अधिक निघाला (२०११).

एकके व वेष्टन : मात्रेतल्या बऱ्याचशा चुका एककांतून होतात. अ जीवनसत्त्वाचे एक आंतरराष्ट्रीय एकक म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम रेटिनॉल, तर ड जीवनसत्त्वाचे एक एकक म्हणजे ०.०२५ मायक्रोग्रॅम, म्हणजेच ड चे १,००० एकक हे अवघे २५ मायक्रोग्रॅम भरतात. ई जीवनसत्त्वात नैसर्गिक व संश्लेषित हा भेद खरोखरच महत्त्वाचा आहे. वनस्पतीत या रेणूचे एकच त्रिमितीय रूप असते, तर संश्लेषणात आठ रूपांचे मिश्रण तयार होते आणि त्यांपैकी निम्म्यांचाच शरीर नीट उपयोग करते. अमेरिकेतील मापनपद्धतीनुसार नैसर्गिक प्रकाराचे एक एकक ०.६७ मिग्रॅ., तर संश्लेषिताचे ०.४५ मिग्रॅ. क्रियाशील जीवनसत्त्वाएवढे धरतात.

खनिजांच्या बाबतीत संयुगाचे वजन आणि प्रत्यक्ष मूलद्रव्याचे वजन यांची गल्लत होते. कॅल्शियम कार्बोनेटात ४० टक्के, तर सायट्रेटात सुमारे २१ टक्के कॅल्शियम असते. त्यामुळे कार्बोनेटाच्या १,२५० मिग्रॅ. गोळीतून ५०० मिग्रॅ. कॅल्शियम मिळते. फेरस सल्फेटाच्या ३०० मिग्रॅ. गोळीत लोह सुमारे ६० मिग्रॅ. असते. बहुजीवनसत्त्वाची गोळी, हाडांसाठीची गोळी आणि पोषक पेय अशी तीन उत्पादने एकाच वेळी चालू असतील, तर तिन्हींतील ड जीवनसत्त्वाची बेरीज करावी लागते. ती सहसा कोणी करीत नाही.

वरच्या मर्यादा : प्रौढांसाठी दिवसाकाठी अ जीवनसत्त्व ३,००० मायक्रोग्रॅम, ड १०० मायक्रोग्रॅम (४,००० एकक), क २,००० मिग्रॅ., लोह ४५ मिग्रॅ. व जस्त ४० मिग्रॅ. या अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या मर्यादा आहेत. यूरोपीय मर्यादा काही ठिकाणी बऱ्याच खाली आहेत. ब१२ साठी मर्यादा ठरवलेली नाही. या मर्यादा निरोगी माणसासाठी असून त्या गाठायच्या मात्रा नव्हेत. डॉक्टरांनी ठराविक मुदतीसाठी दिलेल्या मोठ्या मात्रेलाही त्या लागू होत नाहीत.

पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे लघवीवाटे निघून जातात, म्हणून ती कितीही घ्यावीत, हा समज ब६ ने खोटा पाडला. पिरिडॉक्सीन (ब६ चे पूरकांतील रूप) रोज २ ते ६ ग्रॅम घेणाऱ्या सात रुग्णांमध्ये हातापायांच्या संवेदना जाऊन चालणे अवघड झाल्याचे वर्णन १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. नंतर याहून बऱ्याच कमी मात्रेतही, दीर्घकाळ घेतल्यास, असे विकार नोंदले गेले. अमेरिकेतील मर्यादा १०० मिग्रॅ. आहे, यूरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये आपली २५ मिग्रॅ.ची मर्यादा १२ मिग्रॅ. केली. आठपटींहून अधिक असा हा फरक मुख्यतः कोणते वृत्तांत ग्राह्य धरायचे आणि त्यांवर किती सुरक्षा-गुणक लावायचा (सुरक्षिततेसाठी मात्रा किती पटींनी कमी धरायची) यातून आला आहे. पिरिडॉक्सीन हे क्रियाशील रूप नसून जादा झाल्यास ते क्रियाशील रूपाच्याच कामात अडथळा आणते, असा एक तर्क मांडला गेला आहे. तसे असेल, तर अतिरेकाची लक्षणे अभावाच्या लक्षणांसारखी का दिसतात, हे उलगडते. दीर्घकालीन वापरासाठी यूरोपीय आकडा धरणे शहाणपणाचे. ब६ हे मॅग्नेशियमाच्या व ‘शक्तिवर्धक’ म्हणून खपणाऱ्या गोळ्यांतही घातलेले असते, हे येथे ध्यानात ठेवावे.

क जीवनसत्त्वाची स्थिती निराळी आहे. तोंडावाटे २०० ते ४०० मिग्रॅ. पोटात गेले, की रक्तातील पातळी जवळजवळ पूर्ण भरते. त्यापुढे शोषण घटत जाते व उत्सर्जन वाढते. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९७० पासून ग्रॅमवारी मात्रांचा पुरस्कार केला. पुढच्या चाचण्यांत नियमित सेवनाने सर्दी होण्याचे प्रमाण सर्वसाधारण लोकांत कमी झाले नाही. प्रौढांत तिचा काळ सुमारे ८ टक्क्यांनी घटला, एवढेच. जादा क जीवनसत्त्वाचा काही भाग ऑक्झॅलेटात (अनेक मुतखड्यांचा घटक) बदलतो, म्हणून मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी मोठ्या मात्रा टाळाव्यात.

वनस्पतिज पूरके : यांच्याबाबत मुख्य अडचण ओळखीची आहे. बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या उपचारात स्टेफानिया या वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया वंशातील वनस्पती वापरली गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली (१९९३ मधील वृत्तांत). पुढे त्यांच्यापैकी काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. वजन घटवण्याच्या ‘वनौषधी’ उत्पादनांत सिब्युट्रामीन हे बाजारातून मागे घेतलेले औषध गुपचूप मिसळल्याचेही वारंवार आढळले आहे. शुद्ध रसायनही या धोक्यापासून मुक्त नाही. एल-ट्रिप्टोफान घेणाऱ्या १,५०० हून अधिक लोकांना १९८९ मध्ये अमेरिकेत स्नायूंच्या तीव्र वेदनांचा विकार जडला व ३० हून अधिक दगावले. एकाच उत्पादकाच्या मालाशी त्याचा संबंध लागला. मात्र नेमका कोणता अशुद्ध घटक कारणीभूत होता, यावर मतभेद आहेत.

अर्क म्हणजे मूळ पदार्थ नव्हे. हिरवा चहा पिणे आणि त्यातील कॅटेचिने दिवसाला ८०० मिग्रॅ. वा अधिक एवढ्या प्रमाणात गोळीतून घेणे या दोहोंत यकृताच्या दृष्टीने मोठा फरक आहे. हळदीच्या अर्काचे शोषण वाढावे म्हणून त्यात काळ्या मिरीतील पायपरीन घालतात. अशा उत्पादनांमुळेही यकृताला इजा झाल्याचे वृत्तांत आहेत. लाल यीस्ट-तांदळातील मोनाकोलिन के हे लोव्हास्टॅटिन या औषधाशी रासायनिक दृष्ट्या एकरूप आहे. ते घेणारा माणूस प्रत्यक्षात कोलेस्टेरॉलचे औषधच, मात्रा माहीत नसताना घेत असतो.

औषधांशी परस्परक्रिया : सेंट जॉन्स वर्ट ही उदासीनतेवर घेतली जाणारी वनस्पती यकृतातील व आतड्यातील औषधे मोडणारी वितंचके (एंझाइमे) वाढवते. परिणामी सायक्लोस्पोरीन (प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिले जाणारे औषध), एचआयव्हीवरील काही औषधे, वॉरफरिन (रक्त गोठण्यास प्रतिबंध करणारे औषध) व गर्भनिरोधक गोळ्या यांची रक्तातील पातळी घसरते. प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारल्याची उदाहरणे आहेत. के जीवनसत्त्व वॉरफरिनचा परिणाम मारते. कॅल्शियम व लोह यांच्यामुळे थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून दोहोंत चार तासांचे अंतर ठेवतात. टेट्रासायक्लिन व क्विनोलोन गटांतील प्रतिजैविकांनाही हाच नियम, अंतर मात्र औषधागणिक बदलते. मूत्रपिंडाच्या रुग्णांत पोटॅशियम व मॅग्नेशियम साचतात.

केस व नखांसाठी घेतले जाणारे बायोटीन हे ब गटातील जीवनसत्त्व स्वतः विषारी नाही, पण ते रक्ताच्या अनेक तपासण्या बिघडवते. हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठीच्या ट्रोपोनिन तपासणीचा आकडा त्यामुळे खोटा कमी येऊ शकतो. थायरॉइडच्या तपासण्याही चुकतात. तपासणीपूर्वी किमान दोन दिवस ते बंद ठेवण्यास सांगतात. मात्रा मोठी असेल तर अधिक.

उपयोग निश्चित असलेल्या बाबी : या थोड्या आहेत. गर्भधारणेपूर्वीपासून पहिल्या १२ आठवड्यांपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल, कोणतेही प्राणिज अन्न न घेणाऱ्यांना ब१२, ऊन न मिळणाऱ्यांना व तान्ह्या मुलांना ड आणि तपासणीत सिद्ध झालेल्या रक्तक्षयावर लोह. फॉलिक आम्लाने ब१२ च्या अभावातील रक्तक्षय झाकला जातो व मज्जासंस्थेची हानी चालूच राहते. त्यामुळे वृद्धांत मोठ्या मात्रेआधी ब१२ तपासतात.

लहान मुले : गोडसर, चघळण्याच्या गोळ्या मुले खाऊ समजून खातात. त्यांत लोह असेल तर धोका मोठा असतो. शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे ६० मिग्रॅ. लोह पोटात गेल्यास जिवावर बेतू शकते. विषबाधेत सुरुवातीला उलट्या-जुलाब होतात, मग काही तास मूल बरे वाटल्यासारखे दिसते आणि त्यानंतर रक्तदाब कोसळून यकृत निकामी होऊ लागते. मधल्या काळातील सुधारणा फसवी असल्याने गोळ्या गिळल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता डबीसह रुग्णालयात जावे.