पैठण तालुका (पंचायत क्षेत्र)

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, बहुतांशी गोदावरीच्या डाव्या काठावर पसरलेला तालुका. नदीपल्याड अहिल्यानगर जिल्ह्यातील शेवगाव आणि बीड जिल्ह्यातील गेवराई हे तालुके लागतात. पैठण शहराचा कारभार नगर परिषदेकडे आहे. बाकीची गावे ग्रामपंचायतींच्या आणि त्यांच्या वर पंचायत समितीच्या अखत्यारीत येतात. प्रस्तुत नोंद या ग्रामीण भागापुरती आहे. सातवाहनांचे प्रतिष्ठान, संत एकनाथांची समाधी, पैठणी अशी शहराची ओळख सगळ्यांना असते. गावांविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही, आणि गोदावरीवरच्या जायकवाडी धरणासाठी घरेदारे सोडली ती गावांनीच.

निजामाच्या राजवटीतून मुक्त झालेला मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ चा. तो १ मे १९६२ पासून अमलात आला आणि तालुक्याला पंचायत समिती मिळाली. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक गटात (मतदारसंघात) पंचायत समितीचे दोन गण, म्हणजे लहान मतदारसंघ, असतात. सभापती निवडून आलेल्या सदस्यांमधून होतो, तर कार्यालयाचा प्रमुख गटविकास अधिकारी असतो. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर राज्यातील बहुतेक पंचायत समित्यांप्रमाणे येथेही निवडणुका लांबल्या आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या सहीने कारभार चालला. गणातल्या माणसाला गाऱ्हाणे घेऊन जायला हक्काचा सदस्यच उरला नव्हता, ही गोष्ट लहान नाही.

नदी तालुक्याच्या हद्दीतून वाहते, पण तिच्याविषयीचे जवळपास सगळे निर्णय पंचायतीबाहेर होतात. पाणी जलसंपदा विभागाचे, वाळू महसूल विभागाची, जलाशयाभोवतीचे पक्षी अभयारण्य (१९८६) वन विभागाचे. निर्णयांचे परिणाम निस्तरायची वेळ आली की मात्र लोक ग्रामपंचायतीच्याच दारात येतात. या तालुक्याच्या स्थानिक कारभाराचे वेगळेपण इथे आहे.

धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली, आणि उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते. सुमारे १० किलोमीटर लांबीचे हे मातीचे धरण २७ दरवाजांचे आहे. एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातला जवळपास २६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारे, एरवी वापरात न येणारे पाणी आहे. नाथसागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जलाशयाखाली सुमारे ३५ हजार हेक्टर जमीन गेली. पैठण, गंगापूर, शेवगाव आणि नेवासा या तालुक्यांतील ती काळी, गंगथडीची म्हणजे गोदाकाठची जमीन होती. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा १९७६ सालचा, म्हणजे धरणाच्या उद्घाटनाच्याच वर्षाचा. तोपर्यंत बुडीत गावांतली बहुतेक घरे उठली होती. नव्या गावठाणांत अंतर्गत रस्ते, गटारे, शाळा, स्मशानभूमी अशा नागरी सुविधा देण्याचे काम सरकारचे, पण पुढची देखभाल ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडते. घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या तुटपुंज्या वसुलीत ती निभत नाही. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा बंधित असतो, म्हणजे पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांवरच खर्चावा लागतो.

पाणी उतरू लागले की जलाशयाच्या काठाने गाळपेर जमीन उघडी पडते. ती धरणग्रस्तांना एकसाली कराराने कसायला देण्याची पद्धत आहे. ओल असेपर्यंत पेरायचे, खत जवळजवळ लागत नाही, आणि हरभरा, ज्वारी, गहू पदरात पाडून घ्यायचा. ज्या शेतकऱ्याची मालकीची जमीन पाण्याखाली आहे, त्याने तीच जमीन वर्षाच्या कराराने कसावी, असा हा प्रकार आहे. करार वेळेवर न झाल्यास पेरणीचा वाफसा (पेरणीजोगी ओल) निघून जातो, म्हणून गाळपेराची तक्रार ग्रामसभेत दरवर्षी निघते. उन्हाळा चढला की बॅकवॉटर काठापासून लांब सरकते. मग मोटारी असलेले शेतकरी वर्गणी काढून जेसीबीने चर खोदतात आणि मोटारीच्या फुटव्हॉल्व्हपर्यंत, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडापर्यंत, पाणी आणतात. पाणी आणखी हटले की चर पुढे वाढवायचा, पाइप जोडायचे, केबल ओढायची. गावच्या पाणीयोजनेची विहीर काठावर असेल तर तिच्यासाठीही हीच धावपळ करावी लागते.

धरणाच्या खालच्या अंगाला नवगाव, आपेगाव, हिरडपुरी, टाकळी अंबड ही गोदाकाठची गावे आहेत. आपेगाव हे ज्ञानेश्वरांचे जन्मस्थान मानले जाते. आपेगाव आणि हिरडपुरी येथे उच्च पातळी बंधारे आहेत. त्यांत पाणी असले तर काठचा ऊस तरतो. बंधारे कोरडे पडले की गावकरी ‘गंगेला (गोदावरीला) पाणी सोडा’ अशी मागणी करतात, आणि तिचा निर्णय पुन्हा धरणावरच होतो. ऑगस्ट २००६ च्या पुरात धरणातून सुमारे अडीच लाख क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग झाला, तेव्हा पैठण शहरासह खालच्या काठावरच्या वस्त्यांत पाणी शिरले. दरवाजे उघडण्याची सूचना आली की कोतवाल आणि ग्रामपंचायतीचा शिपाई दवंडी देतात, नदीकाठच्या मोटारी रात्रीतून काढल्या जातात. पूर ओसरल्यावर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामे करतात.

वाळूचा प्रश्न याच पट्ट्यात सर्वांत चिघळलेला आहे. वरून येणारी नवी वाळू धरण अडवते, त्यामुळे खाली उपसली जाते ती साठलेली जुनीच. वाळूघाटाच्या लिलावाआधी ग्रामसभेचा ठराव मागवला जातो, हा पंचायतीच्या हातातला एकमेव धागा. चोरटा उपसा मात्र ठराव विचारत नाही. रात्री हायवा (मोठे डंपर) आणि ट्रॅक्टर पात्रात उतरतात, डोहातली वाळू तराफ्यांवरून काढली जाते, महसूलची पथके तराफे जाळतात आणि काही दिवसांत नवे येतात. पात्र खोल गेले की काठच्या विहिरींचे पाणी खाली जाते आणि जड वाहनांनी गावचा रस्ता उखडतो. रस्त्याची डागडुजी पंचायतीलाच करावी लागते.

तालुक्याचा उत्तर आणि पूर्व भाग नदीपासून दूर, उंचावर आणि बराचसा कोरडवाहू आहे. आडूळ, पाचोड, दावरवाडी या बाजूला कापूस, तूर आणि मोसंबी ही पिके. पाचोडची मोसंबीची बाजारपेठ नावाजलेली आहे. धरणाचा डावा कालवा याच तालुक्यातून निघतो, पण २०८ किलोमीटरच्या त्याच्या वाटेचा बहुतेक लाभ जालना आणि परभणी जिल्ह्यांना होतो. १३२ किलोमीटरचा उजवा कालवा बीड जिल्ह्यात जातो. दुष्काळी वर्षात नाथसागरापासून थोड्या अंतरावरच्या गावांत टँकर चालतात आणि मोसंबीच्या बागा विकतच्या पाण्यावर जगवाव्या लागतात. कोरड्या भागाला जलाशयाचे पाणी देण्यासाठी आखलेली ब्रह्मगव्हाण उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षे रखडली. वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याबाबत जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी यावे, असे त्याचे सूत्र आहे.

बिडकीन हे तालुक्यातले मोठे गाव आता दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील ऑरिक या उद्योगनगरीच्या वसाहतीमुळे ओळखले जाते. वसाहतीच्या हद्दीत बांधकामाची परवानगी ग्रामपंचायत देत नाही, आणि तिथले पाणीही नाथसागरातूनच घेतले जाते.