८५ कुठे आहे?

‘उत्प्रेरक अभिक्रियेत भाग न घेता तिचा वेग वाढवतो.’ शाळेत घोकलेली ही व्याख्या चुकीची आहे. उत्प्रेरक चांगला बाह्या सरसावून भाग घेतो, शेवटी फक्त हात झटकून मोकळा होतो. मधल्या वेळात तो काय करतो ते पाहणं मात्र अवघड, कारण मधली रूपं बनतात आणि लगेच मोडतात.

इथिलीनचंच बघा. क्रोमियमचे काही उत्प्रेरक या वायूचे नेमके तीन रेणू जोडून सहा कार्बनचं १-हेक्झीन बनवतात. पातळ पिशव्यांच्या पॉलिथिनमध्ये ते थोडं घालतात. पण तीनच का? एकेक डबा जोडत गाडी लांबवावी तशी साखळी वाढत असेल, तर चार, आठ, दहा कार्बनवालेही निघायला हवेत.

तर्क असा होता, की क्रोमियम दोन इथिलीन धरून पाच अणूंचं कडं करतो. ते ताठ असतं, सहज मोडत नाही. तिसरं इथिलीन आत शिरलं की कडं सात अणूंचं होतं, लवचीक होतं. मग एक हायड्रोजन कड्यातल्या कड्यात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो आणि हेक्झीन सुटतं.

२००४ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञ जॉन बर्कॉ यांच्या गटाने याची परीक्षा घेतली. साधं इथिलीन आणि ड्युटेरियमचं, म्हणजे जड हायड्रोजनचं इथिलीन निम्मं-निम्मं मिसळलं. (ड्युटेरियम किरणोत्सारी नसतो; ‘जड’ शब्दाने दचकू नका.) साध्या हेक्झीनचं वस्तुमान ८४. इथिलीनमध्ये चार हायड्रोजन, आणि ड्युटेरियम प्रत्येकी एकाने जड; एकेका जड इथिलीनमागे चार वाढतात, म्हणून कडं खरं असेल तर ८४, ८८, ९२, ९६ एवढेच आकडे यावेत, तेही १:३:३:१ प्रमाणात. तीन नाणी उडवा, छापा-काट्याचा हिशोब तोच. उलट साखळी वाढत असेल, तर जाता जाता ती एक हायड्रोजन धातूवर ठेवते आणि तो पुढच्या साखळीला चिकटतो. सरमिसळ झाली की ८५, ८७, ८९ दिसणारच.

ते दिसले नाहीत. आले ते चारच आकडे, १:३:३:१.

त्याआधी, १९९७ मध्ये, जर्मनीतल्या म्युलहाइमच्या रसायनशास्त्रज्ञांनी क्रोमियमची पाच आणि सात अणूंची कडी वेगळी काढूनही दाखवली होती. पण बाटलीत भरून ठेवता येतो तो रेणू बहुधा आळशी असतो. खरा कामगार हाती लागत नाही. म्हणून माझं मत आकड्यांच्या बाजूने. काम करताना क्रोमियमचा भार +१ आणि +३ यांच्यात फिरतो की +२ आणि +४ यांच्यात, यावर मात्र रसायनशास्त्रज्ञ बराच काळ भांडत आले आहेत.