४२९ कोटींच्या घरातली एक संख्या आणि ६४१

४,२९,४९,६७,२९७. ही संख्या मला फार आवडते. २ चा ३२ वा घात काढा, त्यात १ मिळवा, झाली तयार.

फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० च्या सुमारास एक रांग मांडली होती, ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि सहावी ही आपली, म्हणजे दरवेळी आधीच्या संख्येतून १ काढायचा, वर्ग करायचा आणि परत १ मिळवायचा. पहिल्या पाचही मूळ संख्या निघतात, मग पुढच्या सगळ्या तशाच असणार असं त्याला वाटलं. जवळजवळ शंभर वर्षं हे तसंच राहिलं आणि १७३२ मध्ये ऑयलरने सांगितलं की सहावी मूळ नाहीच, ती ६४१ गुणिले ६७,००,४१७ आहे.

हातानेच भागून बघायचं तर ६५,५३६ पर्यंतच्या मूळ संख्या तपासायला लागतात, आणि त्या आहेत ६,५४२! पण ऑयलरने पुढे हेही सिद्ध केलं की या संख्येला ज्या मूळ संख्येने भाग जाईल ती ६४ च्या पटीत १ मिळवून आलेलीच असणार. मग ६५, १२९ वगैरे मूळ नसलेल्या गाळल्या की उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्याच भागाकारात बाकी शून्य.

आणि ६४१ ने भाग जातो हे तर भागाकार न करताही दिसतं, ते बघाच एकदा. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६. आता ६४१ ने भागायचं तर पहिल्यावरून ५ × १२८ ची बाकी −१ धरता येते, तिचा चौथा घात केला की १. पण ५ × १२८ चा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, आणि दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी −१६ चालतो, १६ म्हणजे २ चा चौथा घात, म्हणजे उणे २ चा ३२ वा घात याची बाकी १. म्हणून २ चा ३२ वा घात अधिक १ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो. झालं, इतकंच!

मूळ संख्या ओळखायला फर्माचाच एक नियम वापरतात, की विषम मूळ संख्येहून एकने कमी इतका २ चा घात घेऊन त्या संख्येने भागलं तर बाकी १ येते. आपली संख्या मूळ नसूनही यात पास होते. २ च्या जागी ३ घेतला की मात्र लगेच पकडली जाते, त्यामुळे फर्माने ३ घेऊन बघितलं असतं तर, असं राहून राहून वाटतं.

हिच्या मागची विषम संख्या, ४,२९,४९,६७,२९५, तर आणखी भारी, कारण ती बरोबर ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ आहे, रांगेतल्या पहिल्या पाचांचा गुणाकार. गाउसने १७९६ मध्ये दाखवलं की नुसती पट्टी आणि कंपास वापरून १७ समान बाजूंची सुसम आकृती काढता येते, आणि बाजूंची संख्या फर्माच्या रांगेतल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असली की चालतं, या नियमाने इतक्या बाजूंचीही तत्त्वतः काढता येते. विषम बाजूंमध्ये याहून मोठी आकृती आजवर माहीत नाही, कारण त्यासाठी फर्माच्या रांगेत आणखी एक मूळ संख्या सापडायला हवी, आणि सहावीपासून तेहेतिसाव्यापर्यंत सगळ्या संयुक्तच निघाल्यात. चौतिसावीत २५८ कोटींहून जास्त अंक आहेत आणि ती मूळ आहे की नाही याचा निकाल अजून लागलेला नाही.