गारठलेलं पिल्लू की आजारी पिल्लू?

कोंबडीचं चार-पाच दिवसांचं पिल्लू कोपऱ्यात उभं आहे. लव फुलवून त्याचा गोळा झालाय, डोळे मिटलेत, पंख किंचित ओघळलेत. बाकीची पिल्लं दाणे टिपतायत आणि हे उभ्या उभ्या डुलक्या घेतंय. घरी पिल्लं वाढवणाऱ्या प्रत्येकाने हे कधी ना कधी पाहिलेलं असतं, आणि बहुतेकांच्या तोंडून पहिला प्रश्न एकच निघतो: याला कुठलं औषध देऊ?

औषधाचं नंतर बघू. आधी हे ठरवायचं की पिल्लू गारठलंय की आजारी आहे. दोन्ही दिसायला जवळजवळ सारखी दिसतात, पण गारठलेल्या पिल्लाला औषधाचा काडीचा उपयोग नसतो, आणि आजारी पिल्लाला नुसत्या उबेने तरतरी आली तरी आजार आत तसाच राहतो. माझा स्वतःचा शिरस्ता असा: कारण काहीही असो, पहिला अर्धा तास फक्त ऊब. त्या अर्ध्या तासात निम्मं उत्तर पिल्लूच देतं.

आता ही दोन सोंगं इतकी सारखी का दिसतात? नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते. ती कोरडी असेल तर थोडीफार ऊब धरते, भिजली की अजिबात नाही. अंगाचं तापमान साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आसपास हवं, पण ते आपलं आपण राखायची ताकद पहिल्या दहा-पंधरा दिवसांत कच्ची असते. म्हणून तर पिल्लू आईच्या पंखाखालून बाहेर येतं, चार दाणे टिपतं आणि परत आत घुसतं. आई नसेल तर तिचं काम ब्रूडरने, म्हणजे दिवा लावून उबदार ठेवलेल्या खोक्याने करायचं: पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. ‘अहो, खोलीत केवढं उकडतंय!’ हे आपलं झालं. आपल्याला घाम फुटतो त्या खोलीत भिजलेलं पिल्लू गारठून मरू शकतं.

अंग गार पडलं की हालचाल मंदावते, पचन थंडावतं, भूक जाते. खाल्लं नाही की अंगात उष्णता तयार होत नाही, मग आणखी गार. बाहेरून बघणाऱ्याला हा आजारच वाटणार. आणि आजारी पिल्लूही खात नाही, म्हणून तेही गारठतं. खरी पंचाईत ही आहे. आजारी पिल्लू बहुतेक वेळा गारठलेलंही असतं, त्यामुळे ‘हे की ते’ असा कौल लगेच लागत नाही. थंडी बाजूला काढल्यावर मागे काय उरतं ते बघावं लागतं.

सुरुवात पायांपासून करावी. पिल्लांच्या उबवणी केंद्रांत काम करणारे लोक पिल्लाचे तळवे स्वतःच्या गालाला किंवा मानेला लावून बघतात. बोटांना न कळणारा गारवा गालाला चटकन कळतो. पाय गार लागले तर पिल्लू नक्की गारठलंय. पाय चांगले ऊबदार आहेत आणि तरीही ते मलूल आहे, तर संशय आजाराकडे वळतो. याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही, आणि तिला पैसाही पडत नाही.

आवाजावर मात्र फार विसंबू नये. थंडी वाजायला लागलेलं पिल्लू आधी जोरात, टिपेला, न थांबता ओरडतं. पण एकटं पडलेलंही अगदी तसंच ओरडतं. त्याला ओंजळीत झाकून धरलं किंवा दुसऱ्या पिल्लांत सोडलं की मिनिटभरात गप्प होतं. जास्त गारठलेलं पिल्लू ओरडणंच सोडून देतं, आणि आजारी तर मुळातच गप्प असतं. म्हणजे ओरडणाऱ्या पिल्लात अजून दम आहे एवढंच कळतं. गप्प पिल्लाकडे आधी धावायचं.

एकाकडे बघून झालं की सगळ्या थव्याकडे बघा. सगळीच दिव्याखाली एकमेकांवर चढून ढीग करून बसली असतील तर ऊब कमी पडतेय. सगळी दिव्यापासून लांब, चोच उघडी टाकून धापा टाकतायत, तर ऊब जास्त झालीय. बाकीची ऐसपैस पसरून निवांत आहेत आणि एकच बाजूला उभं आहे, तर आजाराचा संशय. तरी घाई नको: पाण्याच्या भांड्यात पडून भिजलेलं किंवा रात्री ढिगातून बाहेर ढकललं गेलेलं पिल्लू एकटंच गारठू शकतं. पोटाखालची लव चाचपून बघा, ओली लागते का.

(नवख्यांसाठी एक सांगून ठेवतो. निरोगी पिल्लू झोपलं की मान लांब टाकून, पाय पसरून, मेल्यासारखं पडतं. बोटाने हलकेच ढोसलं की दचकून उठतं आणि पळतं. हे ना गारठलेलं, ना आजारी. पहिल्या आठवड्यात माझ्या काळजाचे ठोके या झोपेने जितके चुकवले तितके कुठल्याच रोगाने चुकवले नाहीत.)

ऊब द्यायची म्हणजे एकदम भाजायचं नाही. ओलं असेल तर मऊ कापडाने टिपून घ्या, चोळू नका. खोक्यात कापड अंथरून एका बाजूला गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा, किंवा वर बल्ब टांगा. दुसरी बाजू थोडी थंड राहू द्या, म्हणजे तरतरी आल्यावर नको असेल तेव्हा त्याला सरकता येईल. पिल्लू इतकं गळालेलं असेल की सरकूच शकत नाही, तर दर पाच मिनिटांनी तुम्हीच बघायचं. घाईत काहीच हाताशी नसेल तर शर्टाच्या आत, छातीशी धरलेलं पिल्लूही चांगलं तापतं. बल्ब घेताना एक जपा: नॉन-स्टिक भांड्यांवर असतो तसा लेप काही बल्बांच्या काचेवर असतो. तो तापला की निघणारी वाफ आपल्याला जाणवतही नाही, पक्ष्यांना मात्र ती मारून टाकते. आणि टांगलेला बल्ब भुशात पडला तर आग लागते, तेव्हा दोन ठिकाणी बांधा.

गार पिल्लाला खाऊ-पाणी भरवू नका. ही चूक मी केलीय. मान टाकलेल्या पिल्लाची चोच उघडून ड्रॉपरने पाणी सोडलं, ते श्वासनलिकेत गेलं, आणि जे कदाचित अर्ध्या तासात उठलं असतं ते माझ्या हातातच गेलं. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं. अर्धवट शुद्धीतल्या पिल्लाला गिळता येत नाही. पाय कोमट झाले, मान सावरली, की मग चोचीच्या कडेला बाहेरून एक थेंब लावायचा. ते स्वतः चोच मिटमिट करून पितं. पहिले काही तास पाव लिटर कोमट पाण्यात चमचाभर साखर चालते. दिवसभर तेच पाणी ठेवलं तर विष्ठा पातळ होते, म्हणून नंतर साधं पाणी.

मग वाट बघायची. नुसतं गारठलेलं पिल्लू अर्ध्या-पाऊण तासात पायरी-पायरीने परत येतं: पाय ऊबदार होतात, डोळे उघडतात, आवाज फुटतो, शेवटी ते जमिनीवर चोच मारायला लागतं. फार गार पडलेलं असेल तर दोन-तीन तासही लागतात, पण दिशा कळते. आजारी पिल्लूही उबेने जरा सावरतं आणि इथेच लोक फसतात. ते डोळे उघडतं, दोन पावलं टाकतं, पण खात नाही, आणि तासाभराने परत तसंच पिसं फुलवून उभं राहतं. शंका राहिली तर रात्री छातीच्या वरच्या बाजूची अन्नाची थैली चाचपा. दिवसभर खाल्लेल्या पिल्लाची थैली भरलेली आणि मऊ लागते. चपटी, रिकामी लागली तर ते जेवलेलं नाही. भरलेली पण खड्यासारखी कडक लागली तर दाणे गेलेत, पाणी गेलेलं नाही.

उबेने काम झालं नाही तर पिल्लू उलटं करून बघायचं. पहिली जागा शेपटीखालची. विष्ठा चिकटून, वाळून तिथे बूच बसलेलं असेल तर पिल्लाला पुढची विष्ठा टाकता येत नाही आणि दोन-एक दिवसांत ते दगावू शकतं. गंमत अशी की हे बूच बऱ्याचदा थंडीने, अति उष्णतेने किंवा प्रवासाच्या ताणानेच बसतं, म्हणजे हा प्रकार गारठा आणि आजार यांच्या बरोबर मधला. कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून, हळूहळू सुटेल तसं काढायचं आणि पिल्लू पूर्ण कोरडं करायचं. वाळलेलं ओढलं तर कातडी सोलते. आणि ओढण्याआधी जागा नीट ओळखा: शेपटीखाली गुदद्वार, त्याच्या पुढे पोटाकडे बेंबी. बेंबीवर वाळलेला काळा ठिपका किंवा दोरा दिसतो, त्याला हात लावायचा नाही. तो ओढल्याने पिल्लं मेलेली आहेत. बेंबी ओली, सुजलेली, घाण वास येणारी असेल आणि पोट फुगलेलं असेल तर तो जंतुसंसर्ग, बहुधा पहिल्या आठवड्यातच दिसणारा. घरी त्यातून पिल्लू वाचवणं अवघड, हे आधीच सांगितलेलं बरं.

विष्ठेचं वयाशी गणित घाला. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लात मलूलपणा आणि विष्ठेत रक्त दिसलं तर पहिला संशय रक्ती हगवणीचा, म्हणजे कॉक्सिडिओसिसचा. आयमेरिया नावाचे एकपेशीय परजीवी आतड्याचं अस्तर फोडतात. विष्ठेतून पडलेली त्यांची बीजं ओल्या, उबदार भुशात एक-दोन दिवसांत रोग लावण्याजोगी होतात, म्हणून हा ओल्या बिछान्याचा रोग. पोटात गेल्यापासून रक्त दिसेपर्यंत चार-पाच दिवस जातात, त्यामुळे दोन दिवसांच्या पिल्लाच्या मलूलपणाला हे नाव देऊ नका. यावर अँप्रोलियम पाण्यातून देतात, मात्रा पाकिटावरची. ते देताना जीवनसत्त्वांचं मिश्रण बंद ठेवायचं, कारण अँप्रोलियम परजीव्याला ब-१ मिळू न देऊन काम करतं. आपणच ब-१ पाजलं तर औषध वाया. प्रत्येक लालसर विष्ठा म्हणजे रक्त मात्र नव्हे. आतड्याचं थोडं नारिंगी अस्तर अधूनमधून पडतं, आणि दर काही विष्ठांनंतर एक तपकिरी, चिकट, भयंकर वासाची असते. ती अगदी नेहमीची.

चोच उघडून, आवाज न करता धापा टाकणारं पिल्लू जर उकड्यात नसेल, तर भुशाला बुरशी लागलीय का बघा. बुरशीची बीजं फुप्फुसात जाऊन असा त्रास होतो. मान वाकडी होणं, पाय लुळे पडणं, पांढरी पातळ विष्ठा आणि एकामागोमाग मरणारी पिल्लं, यातलं काही दिसलं तर घरगुती उपचारांत वेळ घालवू नका, पशुवैद्यांना दाखवा. घरात उरलेल्या माणसांच्या अँटिबायोटिकचा तुकडा मोडून देणं तर नकोच. मात्रा जमत नाही.

तोवर आजारी पिल्लू वेगळ्या खोक्यात, पण इतरांचा आवाज ऐकू येईल इतकं जवळ. निरोगी पिल्लांचं दाणापाणी आधी, आजाऱ्याचं शेवटी, आणि नंतर साबणाने हात. लहान मुलांना पिल्लं तोंडाशी धरू देऊ नका. तरतरीत दिसणाऱ्या पिल्लाकडूनही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू लागू शकतो.

आणि पिल्लू नुसतं गारठलेलंच निघालं, उठून दाणे टिपायला लागलं, तर त्याला परत सोडण्याआधी ते भिजलं कसं हे शोधा. माझ्याकडे दोनदा पाण्याचं भांडंच कारण निघालं. त्यात आता गोट्या भरलेल्या असतात, चोच बुडेल एवढंच पाणी वर राहतं.